डॉलर महागला, मग तेल स्वस्त कसे?

सोसायटीच्या जिन्यात, लग्नकार्यात आणि अलीकडे व्हॉट्सॲपवरही मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो: "डॉलर नव्वदीच्या वर गेला म्हणतात, पण आपण काही डॉलर मोजून भाजी आणत नाही, मग आपल्या घरखर्चाचा त्याच्याशी संबंध काय?" मी नेरूळला राहते आणि न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाची सीमाशुल्काची कागदपत्रे करणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे याचे उत्तर मला ठाऊक असणारच असे लोक गृहीत धरतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रुपयाचा दर आणि आपले घर यांच्यामध्ये बहुतेक वेळा सरकार उभे असते आणि घसरणीचा किती भार आपल्यापर्यंत येऊ द्यायचा हे तिथे ठरते. म्हणून नुसता डॉलरचा भाव वाचून महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधता येत नाही.

खाद्यतेलाचेच पाहा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यात पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, तर सोयाबीनचे तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. पाम आणि सोयाबीनच्या कच्च्या तेलावर शुल्क आकारताना आयातदाराच्या बिलावरची किंमत धरत नाहीत. केंद्र सरकार दर पंधरवड्याला टनामागे अमुक डॉलर अशी 'टॅरिफ व्हॅल्यू' जाहीर करते, तिला सीमाशुल्कासाठी ठरवून दिलेल्या विनिमय दराने गुणतात आणि जी रुपयांतली रक्कम येते तिच्यावर टक्केवारीने शुल्क लागते. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्काचे विवरणपत्र, भरताना हा गुणाकार डोळ्यांसमोर असतो, म्हणून एक गोष्ट चटकन लक्षात येते: डॉलर वधारला की मालाची रुपयांतली किंमत वाढते आणि शुल्काच्या दराला कोणी हात न लावताही शुल्काची रक्कम आपोआप फुगते.

हिशेबाच्या सोयीसाठी टनाची किंमत १,००० डॉलर धरू आणि जीएसटी बाजूला ठेवू. डॉलर ८५ रुपयांना असताना माल ८५,००० रुपयांचा होतो आणि १६.५ टक्क्यांनी त्यावर १४,०२५ रुपये शुल्क बसते. डॉलर ९० झाला की माल ९०,००० चा आणि शुल्क १४,८५० चे होते. म्हणजे एका टनामागे ५,८२५ रुपये, किलोमागे जवळजवळ सहा रुपये वाढले. इथवरचे गणित सरळ आहे. पण १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क सुमारे साडेपाच टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेण्यात आले होते आणि ३० मे २०२५ रोजी ते १६.५ टक्क्यांवर आणले गेले. ८५ च्या डॉलरला आणि २७.५ टक्के शुल्काला तेच एक टन तेल १,०८,३७५ रुपयांना पडत होते. ९० च्या डॉलरला आणि १६.५ टक्क्यांना ते १,०४,८५० रुपयांना पडते. रुपया पाच रुपयांनी घसरला, तरी तेल बंदरावर स्वस्त पडले! (ते दुकानात तितके स्वस्त मिळाले का, हा प्रश्न वेगळा आहे.)

शुल्क वाढवले ते कोणासाठी, हेही लक्षात घ्यावे लागते. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या खाली होता. बाहेरचे तेल महाग झाले तर लातूर, वाशीमकडच्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील, हा त्या निर्णयामागचा हेतू होता. नवी मुंबईतल्या कढईने मराठवाडा-विदर्भातल्या शिवाराला हातभार लावणे मला स्वतःला गैर वाटत नाही. खटकते ते एवढेच, की शहरात तेल महागले आणि सोयाबीन मात्र त्या हंगामात हमीभावाच्या खालीच विकले जात राहिले.

पेट्रोलची तऱ्हा उलटी. २०२० साली खनिज तेलाचे भाव जगभर गडगडले, तेव्हा केंद्राने मे महिन्यात पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरला १० आणि डिझेलवरचे १३ रुपयांनी वाढवले आणि ती स्वस्ताई पंपापर्यंत पोहोचलीच नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी केले गेले.

मध्ये कोणीच उभे नसते अशीही काही घरे आहेत आणि तिथे डॉलर थेट आत येतो. आमचे एक शेजारी ऐरोलीला आयटी कंपनीत आहेत. त्यांच्या कंपनीचे उत्पन्न डॉलरमध्ये असल्यामुळे रुपया घसरल्यावर तिचे फावते, पण यांची पगारवाढ काही विनिमय दर पाहून ठरत नाही. त्यांच्या डोक्यावर बदलत्या व्याजदराचे पन्नास लाखांचे गृहकर्ज आहे आणि मुलगी अमेरिकेत शिकते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला, तेव्हा त्यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. मात्र इथले व्याजदर उतरले की अमेरिकेतल्या व्याजाशी असलेली तफावत कमी होते, जास्त व्याजासाठी इथे येणाऱ्या परदेशी पैशाची ओढ घटते आणि रुपयाचा एक आधार सैल होतो. त्या वर्षी रुपया घसरण्यामागे अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले ५० टक्क्यांपर्यंतचे शुल्क आणि परदेशी गुंतवणूकदारांनी शेअर बाजारातून काढून घेतलेला पैसा ही कारणे अधिक मोठी होती, हे खरे. तरी व्याजकपात त्या घसरणीला आवर घालणारी नव्हती.

मग मी आनंद मानू की काळजी करू, असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही कागद घेऊन बसलो. वीस वर्षांच्या मुदतीवर व्याज ९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले, तर पन्नास लाखांचा हप्ता ४४,९८६ वरून ४१,८२२ होतो, म्हणजे वर्षाला सुमारे ३८,००० रुपये वाचतात. मुलीचे शुल्क आणि राहणे मिळून वर्षाला ४०,००० डॉलर लागतात. डॉलर एका रुपयाने वाढला, की तेवढ्याच एका रुपयात वर्षभराची ती सगळी बचत जाऊन वर दोन हजार द्यावे लागतात. त्यांनी पुढच्या सत्राची निम्मी रक्कम त्याच आठवड्यात पाठवून दिली.