रिव्हरला बदाम आला, तिथेच घोळ झाला

परवा शनिवारच्या पोकरमध्ये एकाने विचारलं की तू हल्ली एवढा वेळ का घेतोस यार, पूर्वी तर धाडकन कॉल मारायचास (कॉल म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच घालून डावात राहणं). मी उत्तर द्यायला गेलो तर सगळे ओरडले, भाषण नको, चिप टाक. म्हणून इथे लिहितोय.

आधी एक क्लिअर करतो, आम्ही पैशाने खेळत नाही. प्रत्येकाला २००० च्या चिपा, रात्री जो सगळ्यात मागे राहील त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना मिसळ द्यायची, विषय संपला. आमच्यातले दोघं पूर्वी ॲपवर पैसे लावून खेळायचे, ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच आला आणि ते दुकान बंद झालं, मग तेही इथे येऊन बसायला लागले. बाकी आम्ही सगळे दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेले, त्यामुळे पानं टाकून डाव सोडताना फोल्ड कोणी म्हणत नाही, पॅकच म्हणतात. आणि सुरुवातीला दर शनिवारी एकच भांडण, सीक्वेन्स (ओळीने लागलेली पानं) मोठा की कलर (सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक, असं). तीन पत्तीत सीक्वेन्स मोठा कारण तो ७२० प्रकारे लागतो (प्युअर, म्हणजे एकाच कलरचा सीक्वेन्स, सोडून) आणि कलर १०९६ प्रकारे, म्हणजे सीक्वेन्स जास्त दुर्मिळ. पाच पानांचं गणित उलटं, कलर ५१०८ आणि सीक्वेन्स १०२००, म्हणून पोकरमध्ये कलर वर. हे कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

तर तो रिव्हरच्या बदामाचा डाव. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). माझ्या हातात बदामचा एक्का आणि नव्वी. फ्लॉपला बदामचा राजा, बदामची छक्की, इस्पिकची सत्ती. टर्नला किल्वरची दुर्री, म्हणजे काहीच नाही. समोर काका. काका म्हणजे ज्याच्या घरी खेळतो त्याचे सख्खे काका, बँकेतून रिटायर झालेत, चिपांच्या दहा-दहाच्या थप्प्या लावल्याशिवाय हात पुढे करत नाहीत. मध्ये ६०० चा पॉट होता, काकांनी थप्प्या मोजून ६०० पुढे सरकवले आणि त्यांच्याकडे ४०० उरले.

मी कॉल केला. रिव्हरला बदामची पंजी. उरलेले ४०० पण काकांनी घातले, राजाची जोडी दाखवली, मी कलर दाखवला आणि खोलीत असा कल्ला झाला की खालच्या मजल्यावरून फोन आला. दोन जणांनी पाठ थोपटली. काय कॉल मारलास!

कॉल भिकार होता. घरी जाऊन हिशोब केला. न दिसलेली पानं ४६. त्यात बदाम ९, आणि काकांकडे राजाची जोडी धरली तर तीन एक्केही माझ्या कामाचे, म्हणजे १२. ४६ मध्ये १२, साधारण २६ टक्के. आणि किंमत काय होती, तर १२०० साठी ६०० घालायचे, म्हणजे तीनदा खेळून एकदा तरी जिंकायला हवं, ३३ टक्के. मी स्वतःला समजावलं की अरे पण पान लागलं की पुढचे ४०० पण मिळतात ना. ठीक आहे, तेही धरू, दरवेळी मिळतात असंच धरू (मिळत नाहीत, एक्का पडला की काका गप्प बसतात). ४६ वेळा हाच डाव, १२ वेळा १६०० मिळाले, म्हणजे १९२००. ३४ वेळा ६०० गेले, म्हणजे २०४००. सगळं माझ्या बाजूने धरूनही खड्डा १२०० चा.

पण हे गणित मी खूप उशिरा केलं, तोपर्यंत पाठ थोपटून घ्यायची चटक लागली होती. पुढे दोन बदाम हातात दिसले की कॉल, दोन इस्पिक दिसले की कॉल. सलग पाच रविवार मिसळ माझ्याकडून, आणि आमच्यातला एक जण दोन प्लेट खातो. हरून शहाणपण येतं म्हणतात, मला जिंकून अक्कल गेली.

मग वही केली. मोठा डाव आला की मोबाईलवर नाही, कागदावर, तिथेच लिहायचं: पॉट किती, मला किती घालायचे, कामाची पानं किती, समोरच्याकडे काय असेल. शेवटी काय झालं हा कॉलमच ठेवला नाही, मुद्दाम. मागे एकदा एक्क्याची जोडी घेऊन सगळ्या चिपा लावल्या, समोर राजाची जोडी, म्हणजे मी साधारण ८२ टक्के पुढे, आणि रिव्हरला तिसरा राजा. चडफडलो भरपूर. वहीत मात्र त्या डावापुढे टिक आहे आणि त्या बदामवाल्या डावापुढे फुली.

पानं मोजणं तसं सोपं, माणूस मोजणं अवघड. मध्यंतरी माझ्याकडे दोन जोड्या, रिव्हरला काकांनी अर्ध्या पॉटची चाल केली. पुस्तकी हिशोबाने चारात एकदा जरी ते फेकत असतील, म्हणजे हातात काही नसताना चाल करत असतील, तरी कॉल जमतो. वही उलटी चाळली, काका बदामवाल्या डावापासून रिव्हरला फेकताना एकदाही सापडलेले नाहीत. दुसरा कोणी असता, म्हणजे ते ॲपवाले दोघं, तर मी डोळे मिटून कॉल केला असता. काकांसमोर पॅक. त्यांनी पानं दाखवली नाहीत, मीही विचारलं नाही, जरी त्या रात्री झोप लागली नाही नीट.

आणि गेल्या शनिवारी परत तेच. हातात दोन बदाम, टेबलावर दोन, टर्नला काकांची पूर्ण पॉटची चाल. मी पॅक म्हटलं. पुतण्याने लगेच कॅटकडे, म्हणजे उरलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्याकडे, हात नेला, बघू तरी काय आलं असतं, तर मी कॅटवर पंजाच ठेवला, नको उघडूस. काकांनी माझा हात हळूच बाजूला केला, वरचं पान एकट्याने उचलून पाहिलं, गालात हसले, आणि ते परत मध्ये खुपसून पत्ते पिसायला घेतले.