खांबाच्या डोक्यावर काय आहे?

परवा दुपारी नागपुरात धरमपेठेत एका कॅफेत बसलो होतो. बाहेर चप्पल डांबराला चिकटेल असं ऊन, आणि आत एसीत मधोमध एक सागवानी खांब उभा. जुना, अगदी खरा, वरच्या अंगाला केळफुलाची कोरणी, भोवती पिवळ्या लायटी सोडलेल्या, लोक त्याला टेकून सेल्फी काढत होते. मी सवयीने वर बघितलं. ही माझी जुनी खोड आहे, खांब दिसला की त्याच्या डोक्यावर काय आहे ते बघायचं. तर काहीच नव्हतं! फॉल्स सीलिंगच्या अलीकडे चांगली वीतभर जागा सोडून खांब संपलेला. म्हणजे हा गडी काही पेलतच नव्हता, नुसता उभा. माझं तोंड बघून बायको म्हणाली, "तुला कॉफी प्यायची आहे की सेंट्रिंग तपासायचंय?"

आता हिला काय सांगणार. माझं आजोळ काटोलकडचं, आणि तिथल्या घरात रिकामा खांब एकही नव्हता. त्या घरांचं गणितच वेगळं. आधी सुताराने लाकडाचा सांगाडा उभा करायचा. खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यावर खांब, म्हणजे लाकूड ओल्या जमिनीला लागत नाही आणि उधईला, म्हणजे वाळवीला, सहज वर चढता येत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर माळा, त्याच्याही वर आढं, आढ्यावरून उतरते वासे, वाशांवर बांबू आणि बांबूंवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. हे सगळं झालं की मग भिंतीचं बघायचं. भिंत काही उचलत नव्हती, वारा अडवायचा, बकऱ्या अडवायच्या आणि आजीच्या देवांना कोनाडा द्यायचा एवढंच तिचं काम. मागच्या खोल्यांना तर साध्या कुडाच्या भिंती, तुराट्या बांधून दोन्हीकडून शेणमाती थापलेली.

एका पावसाळ्यात झड लागली होती, आणि रात्री मागची भिंत बसली. धप्प असा आवाज, मग अंधारात सगळ्यांची ओरडाआरडी, आणि मामा चिखलाने माखलेला बाहेर आला तो आभाळाला शिव्या देतच. आम्ही पोट्टे रडायला लागलो, आता घर जाते म्हणून. आबाजी, म्हणजे आजोबा, कंदील घेऊन मागे गेले, वर तुळईकडे एकदा बघितलं, आणि परत येऊन पांघरूण घेत म्हणाले, "भित पडली रे बाबू, घर नाई पडलं. झोपा." सकाळी बघतो तर खरंच, चारही खांब जागच्या जागी, वरची कवेलू तशीच, आणि खोलीतून थेट मागची वाडी दिसते आहे. आम्हाला तर ती खोली तेव्हाच जास्त आवडली. नवी भिंत दिवाळीच्या आत उभी राहिली, त्याच मातीची, जी पडली होती.

माळ्यावर जायला आम्हाला बंदी होती म्हणून आम्ही दुपारभर तिथेच असायचो. कांद्यांचा आणि चिंचेचा वास, आणि डोक्याला लागेल इतकं जवळ लाकूड. ओसरीतले खांब रंधा मारून गुळगुळीत केलेले, पाव्हणे बसतात ना तिथे. माळ्यावरची तुळई मात्र वाकसाने नुसती तासलेली, हात फिरवला की एकेक घाव बोटांना लागायचा. जोडाला खिळा नाही, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत आणि आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. ती खुंटी जरा बाहेर आलेली असायची आणि तिच्यावर आजी जुन्या पिशव्या टांगून ठेवायची.

घराचा खरा शत्रू पाऊस नव्हता, वांदरं होती. उन्हाळ्यात कवेलू फेरायला माणूस लावायचा आणि त्याची पाठ फिरली की टोळी आलीच. त्यांना टिनांचा काय राग आहे माहीत नाही, पण उडी मारायला कवेलूच लागायचे. अर्ध्या गावाने टिना टाकल्या त्या वांदरांपायी, हेरिटेजवाले काहीही म्हणोत.

आणि लाकूड गेलं ते भावापायी. जुना सागवान म्हटलं की लकडगंजातून, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातून, माणूस घरी येतो. तेल मुरलेला गाभा, त्याला उधई लागत नाही, त्यामुळे घर पाडलं तरी लाकूड विकतं. आपल्याकडच्या सागवानाचा मान मोठाच आहे म्हणा, २०२३ मध्ये दिल्लीत नवं संसद भवन उघडलं त्यात नागपूरचा सागवान आहे आणि अयोध्येच्या मंदिराला बल्लारशाहून गेला. एका आगीपुढे मात्र त्याचंही काही चालत नाही. नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा, कोरीव लाकडाने भरलेला, १८६४ साली जळाला तो जळालाच.

मागे आमच्या फ्लॅट स्कीमचा इंजिनियर मला समजावत होता की सर, सगळा लोड कॉलम-बीमवर आहे, भिंती नुसत्या भरायच्या आहेत, कुठलीही काढा. मी मान हलवली. आबाजींनी कॉलम हा शब्द कधी ऐकला नव्हता.

पण "भित पडली, घर नाई पडलं" हे त्यांचं वाक्य मी कुठेही ठोकून देत असे, ते किल्लारीच्या भूकंपाचं वाचल्यावर बंद झालं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चारेक मिनिटं कमी, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपलेले. तिथलीही जुनी घरं अशीच, लाकडी खण, खांब, तुळया, वर मातीचं जड धाबं. काही घरांत सांगाडा खरोखरच उभा राहिला, छप्पर धरून. पण तिकडच्या भिंती मातीत रचलेल्या रुंद दगडांच्या होत्या, आणि माणसं त्या भिंतींखाली गेली, हजारोंनी.

आमची ती मागची भिंत कुडाची होती. मामाची खाट तिला लागूनच होती.