सरपंच ते विधानसभेची उमेदवार : अपक्ष अर्जाचा माझा अनुभव

सरपंचबाई विधानसभेला उभ्या राहणार म्हटल्यावर पहिला प्रश्न एकच, "तिकीट कुणाचं?" तिकीट नव्हतं. 2024 साली बहुतेक महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांवर प्रशासक बसलेले. लोकांनी निवडून दिलेली माणसं खाली उरली होती ती मुख्यतः ग्रामपंचायतीत. तालुक्याच्या पाण्यावर कुणी तोंड उघडेना, म्हणून मी अपक्ष उतरले. सरपंचपद सोडावं लागलं नाही. फक्त आचारसंहिता लागली तशी ग्रामसेवकांनी समाजमंदिराच्या कोनशिलेवर कागद चिकटवला आणि माझंच नाव झाकलं. "मॅडम, नियम आहे." होताच.

प्रचाराबद्दल सगळे लिहितात. अपक्षाची खरी दमछाक होते ती कागदात.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो; अपक्षाला दहा लागतात. दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत, आणि प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक बिनचूक हवा. तोंडावर "ताई, तुमच्या पाठीशी आहे" म्हणणारे पुष्कळ. सहीसाठी पेन पुढे केलं की, "सही करतो, पण माझं नाव बाहेर यायला नको." आता अर्जावरचं नाव कसं झाकायचं? याउलट वाडीवरची एक आजी आपणहून आली. तिला सही येत नाही, आणि सूचकाचा अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोरच घ्यावा लागतो. आमच्याकडे प्रांताधिकारीच ते काम पाहत होते. आत उमेदवारासकट पाचच जण; त्यातली एक जागा आजीची. अंगठा उमटवून झाला आणि बोटाची शाई पुसायला तिनं समोरचा कागद ओढला. ते माझं शपथपत्र! शिपायानं झटकन उचललं म्हणून वाचलं.

ते शपथपत्र म्हणजे नमुना 26. स्वतःची, नवऱ्याची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, गुन्हे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रातलं पाच वर्षांचं उत्पन्न, समाजमाध्यमांवरची खातीसुद्धा. जमीन वडिलोपार्जित की विकत घेतलेली, आणि आज तिची किंमत काय, हेही. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. काही नसेल तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं. आणि हे सगळं जाहीर होतं. माझं सोनं किती तोळे आणि ह्यांच्यावर सोसायटीचं कर्ज किती, याची चर्चा त्याच संध्याकाळी पारावर. जावेनं फोन करून विचारलं, "पाटल्या कधी केल्यास गं?" माझ्या मते हा नियम चांगलाच आहे. फक्त घरात आधी सांगून ठेवावं.

निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं लागतं, तेही अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं. त्यात मधेच चौथा शनिवार आणि रविवार. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. बाई म्हणून सवलत काही नाही. शेवटची तारीख 29 ऑक्टोबर, म्हणजे नेमकी धनत्रयोदशी, आणि अर्ज घ्यायचे दुपारी तीनपर्यंतच. मी आदल्याच दिवशी भरला, अर्जासोबतची शपथही घेऊन टाकली. छाननीत काही निघालं नाही.

माघारीची मुदत 4 नोव्हेंबर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे त्या वर्षी मला भाऊ फार. कधी दारात न आलेले पुढारी ओवाळून घ्यायला हजर, आणि चहा संपता संपता, "ताई, पुढच्या वेळी तुमचं नक्की बघू." मी फराळ दिला, माघार दिली नाही. चिन्हासाठी तीन पसंती लिहून द्यायच्या असतात. मला पहिलीच मिळाली, शिलाई मशीन. बायकांना सांगायला सोपं.

खर्चाची मर्यादा 40 लाख. आम्ही तिच्या आसपासही नव्हतो, पण नोंद चहाच्या कपाचीही. एका व्यक्तीला साऱ्या निवडणुकीत रोखीनं 10,000 च्या वर देता येत नाही, पुढचं बँकेतूनच. स्पीकरवाल्याला चेक दिला तर तो माझ्याकडे बघतच राहिला. खर्चाची वही अधून मधून तपासायला न्यावी लागते आणि ती तपासणाऱ्या निवडणूक अधिकाऱ्यांकडेही आपल्या खर्चाची समांतर नोंद असते. दोन्हींचा मेळ बसायला हवा.

20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. राज्यात 4,136 उमेदवार होते, त्यातले 2,086 अपक्ष. निवडून आले दोन. त्या दोघांत मी नव्हते. एक षष्ठांश मतं न मिळाल्यानं अनामतही गेली. पण काम तिथे संपत नाही. हरलेल्यानंही 30 दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा असतो, नाहीतर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निकालानंतर कार्यकर्ते पांगतात, पावत्या कुणाच्या खिशात राहतात. माझ्या भाच्यानं त्या पहिल्यापासून तारखेवार लावल्या होत्या, म्हणून निभावलं.

हिशेबाची पोच सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवली आहे. आणि आमच्या गावच्या दोन्ही बूथवर मीच पुढे होते, हेही सांगून ठेवते.