तुरीच्या डाळीनं अडवलेलं सीसॅट

यूपीएससीच्या सीसॅटला, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या गणित-तर्काच्या दुसऱ्या पेपरला, 200 पैकी 66 मार्क पडले की झालं. 2015 पासून पेपर नुसता पात्रतेचा, म्हणून दारव्ह्याकडच्या आमच्या अभ्यासिकेत त्याला कोणी भाव देत नाही. मिश्रणाची गणितं मला जमत होती. 'माहिती पुरेशी आहे का' या प्रकारात तर उत्तर काढायचंही नसतं. दिलेल्या दोन विधानांवरून ते निघेल का, एवढंच सांगायचं. घोडं अडलं ते टेस्ट सिरीजमधल्या एका प्रश्नावर.

110 रुपये आणि 140 रुपये किलोची तूरडाळ मिसळली. स्वस्त डाळ किती किलो? विधान 1: मिश्रण 120 रुपये किलो पडतं. विधान 2: स्वस्त डाळ महागीच्या दुप्पट आहे. उत्तरसूची म्हणे, दोन्ही मिळून पुरेशी. कारण? दोन अज्ञात, दोन समीकरणं.

डोकंच फिरलं. 140 मधून 120 गेले, उरले 20. 120 मधून 110 गेले, उरले 10. स्वस्त-महाग 20:10, म्हणजे 2:1. दुप्पट तर विधान 1 नंच सांगून टाकलं होतं! विधान 2 नं तेच पुन्हा सांगितलं. क्लासला मेसेज केला. उत्तर आलं, 'सूची तपासलेली आहे.' पुन्हा केला, पुन्हा तेच. शेजारी बसणारा दोस्त म्हणे, "काऊन बे डोकं खाऊन रायला? दोन समीकरणं हायेत ना!" त्याला घरी नेलं आणि आईच्या डब्यातली डाळ परातीत ओतली. दोन मापटी स्वस्त धरली, एक महाग. मग चार आणि दोन. दोन्ही ढिगांचा भाव 120 च. "आता सांग, किलो किती?" तो परातीकडं पाहत राहिला. "मंग हे तं अपुरंच हाय." आई ओरडली ते वेगळं. सूची मात्र अजून तशीच आहे.

किलो किंवा लिटर विचारले, की विधानांत कुठंतरी वजन, माप नाहीतर एकूण रक्कम सापडलीच पाहिजे. नुसतं गुणोत्तर विचारलं असेल तर लिटर नसले तरी बिघडत नाही. विधान 2 वाचताना विधान 1 वर मी चक्क हात ठेवतो, नाहीतर तिथला आकडा डोक्यात घुसतोच.

आणि हो, 'दूध निम्म्याहून जास्त आहे का' या प्रश्नाला ठाम 'नाही' निघालं, तरी माहिती पुरेशीच. तिथं 'अपुरी' ठोकली, तर अडीच मार्क गेलेच, वर त्यांचा एक तृतीयांश कापला जातो.