रेफर लिहिण्याआधी कॅमेरा चालू करा

लैंगिक अत्याचाराची केस रात्री ग्रामीण रुग्णालयात आली की ड्युटीवरच्या एमओला (मेडिकल ऑफिसरला) सगळ्यात सोपा वाटणारा शब्द म्हणजे ‘रेफर’. शहापूर-मुरबाडकडून ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला पाठवायचं, तिथे गायनॅक (स्त्रीरोगतज्ज्ञ) बघेल. कागदावर ही काळजीच दिसते. पण भिवंडी बायपासला ट्रकांची रांग लागलेली असते. वाटेत ती पीडित बाई लघवीला जाते, चूळ भरते, कुणी नातेवाईक तिला धुतलेला ड्रेस घालायला देतं. ठाण्यात पोचेपर्यंत स्वॅबवर, म्हणजे नमुना टिपायच्या कापसाच्या काडीवर, यायचं ते बरंचसं गेलेलं असतं. त्यापेक्षा शहरातल्या प्रशिक्षित सिस्टरचं व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन घेऊन तिथेच तपासायचं, हे टेलिफॉरेन्सिक.

मुळात कायद्याला गायनॅक लागतच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ मध्ये नोंदणीकृत डॉक्टर एवढंच म्हटलंय. पोलिसांनी माहिती मिळाल्यापासून २४ तासांत तिला डॉक्टरकडे न्यायचं आणि डॉक्टरने ७ दिवसांत अहवाल द्यायचा. आधी एफआयआर आणा, पोलिसांचं पत्र आणा, असं म्हणून तिला थांबवता येत नाही. ती थेट आली तरी तपासायचं आणि उपचार मोफत करायचे. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा : मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २७ प्रमाणे तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. अशा वेळी लेडी डॉक्टर बोलवावीच लागते, स्क्रीनवरची चालत नाही.

मग एमओ कचरतो कशाला? अशा केसेस त्याच्या वाट्याला क्वचित येतात, नमुने घेण्याचं किट कधी उघडलेलं नसतं आणि उलटतपासणीची धास्ती असते. टेलिफॉरेन्सिकने हा कचरणारा हात स्थिर करायचा, बाकी काही नाही. अमेरिकेत खास शिकलेल्या फॉरेन्सिक नर्स स्वतः तपासणी करतात आणि व्हिडिओवरून दूरच्या हॉस्पिटलातल्या नर्सला मार्गदर्शनही करतात. ते जसंच्या तसं इथे उचलता येत नाही, कारण आपल्याकडे अहवालावर सही डॉक्टरची लागते. म्हणून कामाची वाटणी अशी : शहरातली प्रशिक्षित सिस्टर बघते आणि सांगते, तिथला डॉक्टर तपासतो आणि सही करतो, तिथली सिस्टर लेबलं, वेळा आणि सील सांभाळते. मार्गदर्शन घेतलं हे अहवालात लिहायचं. लपवलं तर कोर्टात तेच अंगाशी येतं. नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या बीएस्सी अभ्यासक्रमात फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायदे हा विषय आलाय. जुन्या सिस्टरना तो शिकवलेलाच नाही, आणि नाइट तर त्यांच्याच भरवशावर चालते.

महागडी कार्ट घ्यायची घाई नको. टॅबलेट, उंची बदलणारा स्टँड, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम चालणारा राउटर आणि राउटरला स्वतःचा छोटा यूपीएस, एवढ्यात भागतं. यूपीएस विसरू नका. लाइट गेल्यावर जनरेटर लागेपर्यंत अर्धा मिनिट जातो, पण तेवढ्यात राउटर बसतो आणि कॉल परत जुळायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं टेबलावर झोपलेल्या बाईची असतात. रेंजही तपासणीच्या खोलीत, दार लावून बघायची, ऑफिसात नव्हे.

शहरातल्या सिस्टरने आधी कॅमेरा फिरवून आपली खोली दाखवायची, आत दुसरं कुणी नाही हे पीडितेला दिसलं पाहिजे. सिस्टरने हेडफोन लावायचा. तपासणीच्या खोलीत मात्र स्पीकरच हवा, कारण आपल्याबद्दल डॉक्टरच्या कानात काय बोललं जातंय हे ऐकण्याचा हक्क पीडितेचा आहे. बोलताना टॅबलेट तिच्या चेहऱ्यासमोर, तपासणीला डॉक्टरच्या खांद्यामागे, आणि जागा बदलण्याआधी पुन्हा विचारून. रेकॉर्डिंग नाही. संमती चार वेगवेगळ्या : तपासणी, नमुने, पोलिसांना कळवणं आणि व्हिडिओ. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १२ वर्षं पूर्ण झालेली मुलगी स्वतः संमती देते. व्हिडिओ नको म्हणाली तर नुसत्या आवाजावरही पुष्कळ काम होतं. सज्ञान बाईला तक्रार करायची नसेल तर नकार लिहून घ्यायचा, उपचार थांबवायचे नाहीत. १८ च्या आत मात्र पोलिसांना कळवणं बंधनकारकच.

आता नमुने. तोंडाचा स्वॅब सगळ्यात आधी, म्हणजे तिला लगेच पाणी देता येतं. कपडे काढताना जमिनीवर दोन मोठे कागद, एकावर एक. ती वरच्यावर उभी राहते, जे पडेल त्यासकट तो कागद घडी करून पाकिटात जातो. खालचा फक्त फरशीची घाण लागू नये म्हणून. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, ओल धरून बुरशी येते. अंगावरच्या वाळलेल्या डागाला स्वॅब सलाइनने किंचित ओलसर करून फिरवायचा. नमुने घटनेनंतर ९६ तासांपर्यंत घेता येतात, त्यामुळे ‘उशीर झाला’ म्हणून परत पाठवू नये.

किट सगळ्यात जास्त वाया जातं ते ओला स्वॅब तसाच सील केल्याने. बाहेर महिला कॉन्स्टेबल थांबलेली असते, डॉक्टरला पुढची केस दिसत असते, आणि स्वॅब नळीत जातो. प्रयोगशाळेत उघडेपर्यंत तो कुजलेला असतो. सावलीत, स्टँडवर उभा वाळू द्यायचा. हीटर नाही, ऊन नाही. इथे स्क्रीनवरची सिस्टर सोन्याची ठरते. घड्याळ ती बघते, प्रत्येक लेबल मोठ्याने वाचून घेते : एमएलसी (पोलीस केसच्या वैद्यकीय नोंदीचा) नंबर, नमुन्याची जागा, तारीख, वेळ, सही. सील झाल्यावर पाकीट कुणी कुणाला किती वाजता दिलं, ही नोंद एकदाही तुटता कामा नये.

स्क्रीनवरच्या सिस्टरने हात अडवायचा तो टू-फिंगर टेस्टला, म्हणजे योनीत दोन बोटं घालून करायच्या तपासणीला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये ती चुकीची ठरवली, तरी जुन्या छापील फॉर्मात त्याची ओळ सापडते. ती कोरी सोडू नका, काट मारा. ‘संभोगाची सवय आहे’ वगैरे शेरे लिहायचे नाहीत. जखम नसेल तर जखम नसल्याने अत्याचार झाला नाही असं ठरत नाही, हे मतात स्पष्ट लिहायचं.

जखमेचे फोटो हॉस्पिटलच्या कॅमेऱ्यावर, संमतीने : एक लांबून, एक मधून, एक जवळून पट्टी लावून, कॅमेरा कातडीला काटकोनात. सावळ्या कातडीवर वळ समोरच्या फ्लॅशने पुसट होतो, बाजूने प्रकाश टाकला की दिसतो. वळाच्या रंगावरून दिवस मोजू नका. गळा दाबला होता का, हे विचारायचंच. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत बारीक लाल ठिपके आहेत का. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की गोपनीयता संपली. शिवाय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) असलेलं प्रमाणपत्र लागतं, तेही मग जुळवता येत नाही.

औषधं पुराव्यासाठी ताटकळत ठेवायची नाहीत. एचआयव्हीची पीईपी, म्हणजे लागण टाळायची औषधं, घटनेपासून ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, २८ दिवस. गर्भधारणा टाळायला लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम एकदाच, १२० तासांपर्यंत, पण उशिरा गुण कमी. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा द्यायची. पीईपीच्या गोळ्या कॅज्युअल्टीच्या कपाटात हव्यात. एआरटी सेंटरच्या (एचआयव्ही उपचार केंद्राच्या) कुलपात असल्या तर रात्री त्या नसल्यासारख्याच.

घरी सोडताना फॉलोअपसाठी कुठल्या नंबरवर आणि किती वाजता फोन केलेला चालेल, हे तिलाच विचारायचं. केसपेपरवरचा नंबर कित्येकदा नवऱ्याचा किंवा भावाचा असतो. मेसेजमध्ये हॉस्पिटलचं नाव, औषधाचं नाव घालू नये. फोन दुसऱ्याने उचलला तर सिस्टरने काय सांगायचं, तेही तिच्याशी बोलूनच ठरवायचं.