आमची वाटचाल : उन्हाळा पाहिलेले लाकूड

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या फर्निचरच्या कारखान्यात आज प्लायवूड सरळ कापणारा पॅनल सॉ आहे, कडांना पट्टी चिकटवणारे एज बँडिंगचे यंत्र आहे आणि ग्राहकाला त्याचे घर संगणकावर फिरवून दाखवणारी दोन तरुण मुलेही आहेत. तरीही कोणतेही कपाट गाडीत चढण्यापूर्वी त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे हत्यार, लावला जातो आणि त्याच्या कडांवरून बोट फिरवले जाते. ही शिस्त नाना मिस्त्रींची. अमळनेरकडचे नाना हे आमचे पहिले भागीदार. भांडवल माझे आणि हात त्यांचे, एवढाच करार होता आणि तो कधी कागदावर आला नाही. त्यांचा शिसवी रंधा अजून कामाच्या टेबलावरच असतो. पात्याची धार ते उजेडात धरून पाहत, हातोडीच्या हलक्या टिचकीने पाते किंचित मागे घेत आणि सागावरून छिलका सलग निघाला, तरच पुढे जात. बाजारात नवीन काही आले, की त्यांचे एकच म्हणणे असे : ‘लाकूडले एक उन्हाया दखू दे, मंग बोल.’ जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि त्यामागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते. कोरड्या हवेत आकसलेला माल तेव्हा पुन्हा फुगतो, आणि सुताराची खरी परीक्षा त्याच वेळी होते.

सुरुवातीची वर्षे बरी गेली, त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पुढे महामार्गालगत एका मोठ्या शहरातील कंपनीचे वातानुकूलित शोरूम उघडले. 45 दिवसांत घर तयार, असा त्यांचा फलक होता. त्यांच्या दालनात पांढरेशुभ्र चकचकीत स्वयंपाकघर, हँडल नसलेली दारे आणि टीव्हीमागे उभ्या खाचांचे काळे पॅनल असे. ते पाहून आलेले लोक आमच्याकडे येऊन, तुमचे काम मजबूत आहे पण जुनाट आहे, असे तोंडावर सांगत. काही जणांनी तर आमच्याकडून मापे घेतली, नकाशे करवून घेतले आणि ते नकाशे त्या शोरूमच्या टेबलावर नेऊन ठेवले. आमचे तयार केलेले कारागीर त्यांनी जास्त मजुरीचे आमिष दाखवून नेले. प्लायवूडच्या व्यापाऱ्याने उधारी थांबवली, बँकेच्या कॅश क्रेडिटचे, म्हणजे धंद्यासाठी उचललेल्या कर्जाचे, व्याज चढत गेले आणि कारखान्याचे भाडेही थकले. शहराने आमची गणती दुरुस्तीवाल्यांत केली होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या दुरुस्तीनेच मात्र आम्हाला बरेच काही दाखवले. त्याच शोरूमने बसवलेली दारे आमच्याकडे येऊ लागली, तेव्हा नानांनी एक दार टेबलावर आडवे टाकले आणि त्यावर पट्टी ठेवली. मध्यभागी पट्टीखालून बोट सहज जात होते. समोरच्या बाजूला जाड लॅमिनेट आणि आतील बाजूला नुसता रंग, अशी ती बचत होती. दोन्ही बाजू सारख्या बांधलेल्या नसल्या, की हवेचा ओलावा एकाच अंगाने आत-बाहेर करतो आणि दार वाकते. सिंकखालच्या एमडीएफने, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीने, पाणी पिऊन फुगवटा धरला होता आणि बिजागरीचे स्क्रू हाताने बाहेर येत होते. फुगलेला एमडीएफ वाळवला तरी मूळ जाडीला परत येत नाही, हे आपल्या धंद्यातील कोणालाही ठाऊक आहे. ग्राहकाला ते सांगायचे नाही, एवढेच त्या विक्रेत्यांनी ठरवलेले होते.

अशा वेळी यावलकडच्या एका केळीच्या बागायतदार आप्पांनी आम्हाला काम दिले आणि सगळी रक्कम आगाऊ दिली. त्यांचे धाब्याचे जुने घर पाडून बंगला होणार होता. सूनबाईंना सगळे नव्या धर्तीचे हवे होते, आप्पांना वडिलांच्या हातचे सागवानी खांब टाकवत नव्हते. आम्ही खांब आणि तुळया चिरून चौकटी, झोपाळ्याची फळी आणि जेवणाचे टेबल केले. बदलत्या आवडीसाठी एक भिंत, पडदे, गाद्यांची कव्हरे आणि दिवे मोकळे ठेवले. सूनबाईंनी त्या भिंतीचा रंग तेव्हापासून अनेकदा बदलला आहे. टेबलाला फक्त पॉलिश लागले. आप्पांच्या शब्दावर रावेर-फैजपूरकडची कामे आली, आणि कारखाना वाचला.

म्हणून, कोणी विचारले नसले तरी सांगतो. पँटोन ही अमेरिकी कंपनी दरवर्षी एक रंग जाहीर करते. 2023 साठी व्हिवा मॅजेंटा होता, 2024 साठी पीच फझ, 2025 साठी मोका मूस. अशा रंगाचा हट्ट उशीच्या अभ्ऱ्यावर पुरवावा, वर्षानुवर्षे वापरायच्या अॅक्रिलिकच्या दारांवर नव्हे. खाचांचे पॅनल मे महिन्याच्या वावटळीत इतकी धूळ धरते, की ते टूथब्रशने घासणाऱ्या गृहिणी मी पाहिल्या आहेत. शेवभाजीची फोडणी ज्या घरात आठवड्यातून दोनदा पडते, तिथे बैठकीला जोडलेले उघडे स्वयंपाकघर घेण्यापूर्वी सरकते काचेचे दार मागावे, आणि हँडलऐवजी खाच घेणार असाल, तर त्या खाचेत साठणारे तेल कोण काढणार, हेही आधी ठरवावे. सरसकट फॉल्स सीलिंगचे खूळ मला पटत नाही. दहा फुटांच्या खोलीची उंची त्यात विनाकारण जाते. वरच्या मजल्यावर, स्लॅब तापत असेल तिथे, त्याचा काही उपयोग आहे. पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग देऊ नये. पाण्याजवळ आयएस 710 (मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) शिक्क्याचेच प्लायवूड मागावे, आणि तो शिक्का प्लायवूडची शीट कापण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

ते शोरूम आता तिथे नाही. त्याचे ग्राहक आमच्याकडे येतात, पण तिकडे गेलो होतो असे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. दाराची बिजागरी पाहून आम्हाला कळते. आम्हीही विचारत नाही. नकाशाची फी मात्र आता आधी घेतो. काम दिल्यास ती बिलातून वजा होते, आणि तोपर्यंत नकाशाचा मोबाइलवर फोटो काढू देत नाही.