कॉल-अपची वही, जुलै 2025 अखेर

सध्या आमच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आमच्या कागदी टीमचे गुण ठरतात) नवखा बॅटर निक कर्ट्झशिवाय दुसरा विषय नाही. 25 जुलैला ह्यूस्टनमध्ये पठ्ठ्याने सहापैकी सहा हिट मारले, त्यात चार होमरन. एका सामन्यात चार होमरन मारणारा हा पहिलाच रूकी, म्हणजे पहिल्या हंगामातला खेळाडू. मेच्या अखेरीस तो जखमी यादीत गेला तेव्हा आमच्या लीगमधल्या त्याच्या मालकाने त्याला सोडून दिलं होतं, आणि बोलीच्या 100 डॉलरच्या बजेटमधले अवघे 4 टाकून मी त्याला उचलला.

यंदा मी एवढंच ठरवलंय की बॅटर मायनर लीगमधून मेजर लीगमध्ये वर आला (हाच कॉल-अप) त्या रविवारी त्याच्यावर बोली लावायची नाही. बंद बोली असल्याने प्रत्येक जण दुसऱ्याच्या धाकाने आकडा फुगवतो. (निकाल इथे पुण्यात सोमवारी सकाळी लागतो, ऑफिसच्या स्टँड-अपच्या ऐन वेळी.) जॅक कॅग्लियानोनी जूनच्या सुरुवातीला कॅन्सस सिटीच्या संघात आला, तेव्हा एकाने अर्ध्याच्या आसपास बजेट ओतलं. कॅग्लियानोनीची बॅटिंग सरासरी अजून .150 च्या घरात, म्हणजे फारच खाली, रेंगाळतेय.

रोमन अँथनीचं प्रकरण जास्त मजेशीर. 7 जूनला वुस्टरकडून (बॉस्टनचा ट्रिपल-ए संघ, मेजर लीगच्या एकच पायरी खाली) खेळताना त्याने 497 फुटांचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) हाणला आणि दोनच दिवसांत बॉस्टनने त्याला वर बोलावलं. पण खरं कारण बॉस्टनचा आउटफिल्डर विल्यर अब्रेयूची दुखापत. म्हणजे अब्रेयू परतला की याचं काय, हा प्रश्न होताच. पुढे 15 जूनला बॉस्टनचा डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, डीएचची (फक्त बॅटिंग करणाऱ्याची) जागा मोकळी झाली आणि तो प्रश्नच मिटला. सुरुवातीला अँथनीचे हिट पडत नव्हते तरी वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) मिळत होते आणि चेंडू सणसणीत जात होता. मी बघतो ते हेच: रोज खेळायला जागा आहे का, आणि ट्रिपल-एमध्ये स्ट्राइकआउट किती, वॉक किती. लास वेगाससारख्या कोरड्या, उंचावरच्या हवेत चेंडू तसाही लांब जातो, त्यामुळे तिथले होमरन मी जरा कमीच धरतो.

पिचरचं गणित उलटं. मिलवॉकीचा पिचर मिसिओरोव्स्कीने 12 जूनला पदार्पणातच पाच इनिंग एकही हिट दिला नाही. त्यानंतर तो कुणाला मिळणार? ताशी शंभर मैलांचा चेंडू टाकणाऱ्याला बोलावण्याची कुणकुण लागताच आपल्या बेंचवर (राखीव जागेत) आणून बसवायचं. बेंच लहान असेल तर अवघड आहे, मान्य.

एप्रिलमधल्या सर्व्हिस टाइमच्या भानगडी (मेजर लीगमध्ये 172 दिवस भरले की पूर्ण वर्ष मोजलं जातं, म्हणून टीम नव्या खेळाडूला उशिरा आणतात) आता संपल्यात. आता नजर 31 जुलैच्या ट्रेड डेडलाइनवर, म्हणजे टीमनी खेळाडूंची अदलाबदल करायच्या शेवटच्या दिवसावर. हरणाऱ्या टीम जुने खेळाडू विकतील आणि नव्यांसाठी जागा रिकाम्या होतील. माझ्याकडे 31 डॉलर उरलेत. पहिल्या रविवारी त्यातला एकही हलवणार नाही. ऑगस्टच्या मध्यावर लोक वैतागून कोणाला सोडतात ते बघू.